आषाढातली सूर्यचूल

सूर्यावर इतका हक्क सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या आत्याचे यजमान, उत्रोलीचे आमचे आतोबा, अंगणात ऊन यायला उशीर झाला तर उशिरा आलेल्या गड्याकडे पाहावं तसं डोंगराकडे पाहत. आंघोळीचं पाणी काळ्या रंगवलेल्या डब्यात उन्हावर ठेवत आणि ते जेमतेम कोमट झालं तरी "चटका बसतोय" असं काकडत सांगत. चुलीच्या धुरानं आत्याचे डोळे कायम लाल असायचे. म्हणून त्यांनी एक पत्र्याची पेटी आतून काळी केली, वर काच बसवली, झाकणाला आत्याच्या रुखवतातला आरसा ठोकला आणि त्यात आंबेमोहोर शिजवला. सकाळी आठला ठेवलेला भात दुपारी एकला व्हायचा. फक्त दर अर्ध्या तासानं पेटी उन्हाकडे वळवावी लागे. किकवीला पुतणीच्या लग्नाला निघतानाही त्यांनी सवयीनं भात लावला होता. तो आठवताच मंगलाष्टकांच्या मध्येच हातातल्या अक्षता माझ्या हातात कोंबून ते एसटी गाठायला पळाले. आरसा गेला, पण डोळे निवळले, म्हणून आत्या कुरकुर न करता भांग अंदाजानं पाडू लागली.

गाव हसायचं. "वैनी, भात सूर्यनारायण शिजवतोय, मग भांडी चंद्र घासतो का?" असं शेजारीण विचारायची. अशात सरकारनं जाहीर केलं की सूर्यचूल वापरणाऱ्या शेतकऱ्याला शेतसाऱ्यात सूट मिळेल. आतोबांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. सूट किती, हे त्यांनी विचारलंही नाही. मला म्हणाले, "सूट ऱ्हाऊ दे रं. सायब एकदा व्हय म्हनला की आळीतल्या धा घरांत पेटी जाईल. बायांचा धूर तरी सुटंल."

अर्ज माघात दिला. चैत्र गेला, वैशाख गेला, अंगणात पापड भाजावेत असं ऊन पडलं, पण पाहणीला कचेरीतले साहेब काही आले नाहीत. महसुली वर्ष जुलैअखेर संपतं, तेव्हा पाहणी जुलैत, असा कचेरीचा शिरस्ता. आमच्या भोर-वेल्ह्याकडे आषाढात सूर्य आहे ही गोष्ट निव्वळ श्रद्धेनं मानायची असते, हे शिरस्ता पाडणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. उलटी झालेली छत्री आणि गुडघाभर चिखल घेऊन साहेब आले आणि म्हणाले, "लावून दाखवा."

आतोबांनी निमूटपणे पेटी धो धो पावसात नेऊन ठेवली, आरसा आभाळाकडे केला आणि साहेबांना पाट दिला. "बसा. दसऱ्यापातूर शिजंल."

आत्यानं चुलीवर चहा केला, साहेबांचे भिजलेले कागद त्याच चुलीशी वाळवले, आणि त्यातल्याच एकावर साहेबांनी शेरा मारला: 'पाहणीचे वेळी उपकरण बंद.' सूट नामंजूर.

इतक्या वर्षांनीही त्या शेऱ्यानं माझं डोकं तापतं. तो खोटा नव्हता, हेच संतापजनक. गावानं तो पाठ केला, आतोबा दुपारी लवंडले तरी कोणीतरी ओट्यावरून ओरडे, "उपकरण बंद!" दहा घरांतल्या एकाही घरात पेटी गेली नाही. धूर होता तिथंच राहिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पौषात. त्यांना उठवत नव्हतं. अंगणात बाजेवर पडून होते आणि आत्या दर अर्ध्या तासानं बाज उन्हाकडे सरकवत होती. मला पाहून हळूच म्हणाले, "त्या सायबाला निरोप दे. आता ये म्हनावं. ऊन हाय."

सावली त्यांच्या पायांशी आली होती. आत्यानं बाज थोडी वळवली.