विहिरीत पडलेला तत्त्वज्ञ आणि माझी ताई

कामठीच्या आमच्या वस्तीत नळ एकच, आणि तोही पहाटेच यायचा. बाबा पॉवरलूमवर, आई सदाची आजारी. पाण्याचा नंबर लावायला घरात माणूस हवं म्हणून ताईची शाळा सुटली. माझी चालू राहिली. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण हंडा तिच्या डोक्यावर होता, हेही तितकंच खरं.

पुढे नागपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागलो, तेही हंगामी. कायम व्हायचं तर शोधनिबंध छापून यायला हवा होता. मी विषय घेतला पहिल्या ग्रीक तत्त्वज्ञाचा. सगळ्याचं मूळ पाणी, असं तो म्हणायचा.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "हे तं मले नळावरच समजलं होतं. तुले इतकी वर्सं काहून लागली गा?"

मग मी तिला त्याची गोष्ट सांगितली. तारे बघत चालताना तो विहिरीत पडला आणि एक मोलकरीण त्याला हसली.

"पाणी भराले आली असन बिचारी. नाव काय तिचं?"

"कुठी लिहिलं नाही वं."

"अन त्याचं?"

"त्याचं साऱ्या जगाले माहीत आहे."

"वा रे! पडला तो, अन नाव बी त्याचंच!"

मी निबंधाच्या शेवटी एक ओळ घातली: ताईचं नाव, आणि तिनं पाणी भरलं म्हणून मी शिकलो. तिला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला ते ठाऊक होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये, म्हणून निबंध पाठवताना आपलं नाव आणि आभार काढायचे; मंजूर झाला की परत घालायचे. तपासणाऱ्यानं वर्षभरानं विचारलं, तत्त्वज्ञाच्या मूळ ग्रंथाचे पानक्रमांक का दिले नाहीत? त्याचा एकही ग्रंथ उरलेला नाही, हे पटवण्यात आणखी काही महिने गेले. अखेर मंजुरी आली, आणि त्या आनंदात मी माझं नाव तेवढं परत घातलं.

अंक घेऊन ताईकडे गेलो. तिनं शेवटचं पान काढून त्यावर बोट फिरवलं.

"मी कुठी आहो?"

मी रीत समजावून सांगू लागलो.

"असू दे. तुह्यं तं आलं ना," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. त्या मोलकरणीसारखी हसली असती तर बरं झालं असतं.

संपादकांना लिहिलं. उत्तर आलं, चूक वस्तुस्थितीची असेल तरच शुद्धिपत्र निघतं. मी कळवलं: साहेब, पाणी तिनं भरलं ही वस्तुस्थितीच आहे; सगळ्याचं मूळ पाणी, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय.

तोवर त्याच निबंधावर मी कायम झालो होतो. ऑर्डर हातात घेताना मान वर होईना. ताईला फोन करायलाही संध्याकाळ व्हावी लागली.

पुढच्या अंकात, अगदी शेवटी, बारीक अक्षरात दोन ओळींचं शुद्धिपत्र आलं. त्यात ताईचं नाव छापलेलं आहे.