माग गेला, खड्डा राहिला

आमच्या ह्यांचा हातमाग आता बेळगावच्या एका म्युझियममध्ये आहे. हे गेले, मुलगा पुण्याला, इथं बेळगावातच, शहापुरातल्या घरात माग चालवणारं कुणी उरलं नाही. भंगारात घालण्यापेक्षा बरं, चार लोक बघतील तरी, म्हणून मी तो देऊन टाकला.

बघतात कुठले? बहुतेक वेळा हॉलमध्ये मी, राखणदार आणि पंखा. शाळेची पोरं आलीच तर मागासमोर फोटो काढून पळतात. सपाट फरशीवर माग, भोवती दोरी. पाटीवर दोन भाषांत 'हातमाग, शहापूर'. ह्यांचं नाव कुठल्याच भाषेत नाही. तरी मी आठवड्याला जाते. बायकांना बस फुकट आहे, आणि माझ्याकडे वेळ काय, पडूनच असतो.

खंडेनवमीला माग बंद ठेवून त्याची पूजा करायची, पायानं दाबायच्या पावड्यांनासुद्धा कुंकू लावायचं, ही आमची रीत. म्युझियमला त्या दिवशी सुट्टी. म्हणून यंदा आदल्या दिवशीच हळदकुंकवाची पुडी आणि झेंडू घेऊन गेले. दोरीखालून हात घातला तोच राखणदार उठला.

"आक्का, हात लावायचा न्हाय."

"माझ्याच घरचा हाय रं."

"व्हय, ठावं हाय मला. पर वर कॅमेरा हाय. माझी नोकरी जाईल."

त्याचं तरी काय चुकलं? त्यानं झेंडू घेतला आणि आपल्या टेबलावर, मागाकडच्या कडेला ठेवला. मला राग आला होता, तोही धड टिकला नाही. पुडी तशीच घेऊन परत आले.

घरी मधल्या खोलीत फळीखाली मागाचा खड्डा अजून आहे. हे त्यात पाय सोडून विणायचे, मी शेजारी सुताच्या कांड्या भरायची. मुलगा दर फोनला म्हणतो, "आई, सिमेंटनं बुजवून घे तो. कधीतरी पाय जाईल तुझा." मी हो हो म्हणते.

नवमीला सकाळी फळी काढली. कडेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. प्रसाद द्यायला घरात कुणी नव्हतं. फार एकटं वाटलं. मग संसारात कधी केलं नव्हतं ते केलं. ह्यांच्या जागेवर बसले आणि पाय खाली सोडले. पाय तळाला टेकेनात. ह्यांची उंची मी विसरत चालले होते.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. पाय वर न घेताच मी त्याला सांगितलं, "खड्डा बुजवणार न्हाय रं मी."