झिजलेले दाते

गोदावरीवरच्या आमच्या नावेतून रोज बायामाणसं पैलाड शेतात जातात. तिच्या जुन्या इंजिनाच्या फ्लायव्हीलचे, म्हणजे जड चाकाचे, दाते झिजले की आम्ही पैलाडच्या त्याच मिस्त्रीला बोलावतो, कारण दुसरा येत नाही. हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गडी पान्यापेक्षा तोंड जास्त चालवतो.

"कावून घाबरता? लई इंजिनं खोललीत म्या," म्हणत या खेपेला त्यानं दात्यांवर वेल्डिंगचे गोळे चढवले, कानसही न मारता चाक बसवलं आणि इंजिनावर नारळ फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा अर्थात त्याचाच.

इंजिन खडखडत सुरू झालं.

"आता जल्मभर बगायचं काम न्हाई!"

"मग बसा नावेत मिस्त्री, मोटरसायकलीसकट पैलाड घरी सोडतो," मी म्हणालो.

त्यानं पाण्याकडं पाहिलं, मोटरसायकलला किक मारली आणि पुलाचा लांबचा रस्ता धरला.