गच्चीवरचा अँटेना

ये वं, अशी जवळ बस. किती दिवसांनी तोंड दाखवतेस! तुझ्या धाकट्या आजीनं, माझ्या जावेनं, मले कसं फसवलं ते ऐक. माझा फार जीव होता तिच्यावर.

आमच्याकडे नवा टीव्ही आला होता. रविवारी सिनेमा लागायचा, म्हणून मी दुपारीच पोळ्या करून ठेवल्या. अन् सिनेमा सुरू होताच पडद्यावर नुसत्या मुंग्या! बूस्टर लावूनही चित्र येईना. मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवला. चित्र आलं की जावेनं खिडकीतून सांगायचं ठरलं.

"आलं का वं?"

"नाही बाई, मुंग्याच आहेत. तसाच धरून ठेवा!"

मी दांडा धरून उभी. हात भरून आले. तेवढ्यात खाली सगळे खदाखदा हसले. मुंग्यांना कोणी हसतं का? मी दांडा सोडला, तर घरभर ओरड, "काहून सोडला? चित्र गेलं ना!"

जाऊ म्हणाली, "तुम्ही धरला तरच दिसत होतं, बाई."

एवढं खरं सांगितलं असतं, तर मीच धरून उभी राहिले असते वं. ते अजून सलते.

तू तरी मले झुलवत ठेवू नको. येते म्हटलं की ये, अन् लवकर ये.