पांढऱ्या पट्ट्यांवर आलेली गाडी

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळीने असा मुक्काम ठोकला होता की आमच्या गावात सकाळी सातपासूनच पाठीवरच्या पंपांचा आवाज सुरू व्हायचा. कपाशी माणसाच्या खांद्याला लागलेली. फवारा वरच्या अंगाला मारावा लागे आणि वाऱ्याने तो परत तोंडावर येई. नेरजवळच्या त्या गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमच्या शेजारचा माणूस मजुरीने फवारणी करायचा. मी त्याला दादा म्हणायचे. एका रविवारी अकराच्या सुमारास त्याची बायको आमच्या अंगणात धावत आली.

"बाई, चला ना लवकर. हे कसेतरीच करून राह्यले. मले ओळखून नाही राह्यले."

दादा ओट्यावर पडला होता. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसल्यासारखे. माझे यजमान मोटारसायकलने मारेगावला गेलेले. दारात आमची जुनी व्हॅन उभी होती. चौघांनी उचलून दादाला मागच्या सीटवर ठेवलं, वहिनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी चावी फिरवली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, "यवतमाळला न्या, ताबडतोब. रुग्णवाहिका फवारणीचेच दोन पेशंट घेऊन गेली आहे, तिची वाट पाहू नका. कुशीवर ठेवा, तोंड पुसत राहा."

मी शहरात कधी गाडी घातली नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.

खरं होतं ते. गाडी मी शिकले शाळेच्या मैदानावर आणि नेरच्या रस्त्यावर. यवतमाळ जवळ आलं की यजमान गाडी कडेला घ्यायला लावत आणि स्वतः स्टिअरिंगवर बसत. मीही कधी वाद घातला नाही. सिग्नल म्हणजे माझ्या वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता. लाल थांबा, पिवळा तयार राहा, हिरवा जा. ज्या पोरांनी सिग्नल पाहिलाच नव्हता, त्यांच्याकडून मी तो पाठ करून घेतला होता.

पहिला सिग्नल आला तेव्हा लाल होता. मी थांबले, आणि थांबल्यावर कळलं की गाडीची पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत. रस्ता ओलांडणारे लोक बॉनेटला वळसा घालून जाऊ लागले. एकाने बॉनेटवर थाप मारली. "मागं घ्या!" मागे ट्रक. घेणार कुठे? मग हिरवा झाला, पण उजवीकडून अजून दोन गाड्या येतच होत्या. त्या जाईपर्यंत थांबले आणि घाईत गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ. मी पुन्हा चावी फिरवली.

दुसऱ्या चौकात पिवळा दिवा नुसता उघडझाप करत होता. तक्त्यात असं काही नव्हतं. तो लाल होतो की हिरवा, याची वाट पाहत मी उभी राहिले.

मागून एक ऑटोवाला ओरडला, "मॅडम, तो आज लाल होतच नाही! दोन्हीकडं पाहा अन् निघा!"

मी निघाले. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "बाई, श्वास घरघरून राह्यला. आता थांबू नका कुठंच."

तिसरा सिग्नल लाल होता. समोरचा रस्ता मला रिकामा वाटला. मी थांबले नाही. एका उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई पट्ट्यांवर आली, हातात भाजीची पिशवी. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन थांबली तेव्हा त्या बाईचा तळहात आमच्या बॉनेटवर होता आणि पिशवीतली वांगी रस्त्यावर.

"दिसत नाही का वो? लाल आहे ना!" ती माझ्या खिडकीशी येऊन ओरडली. मग तिचं लक्ष मागे गेलं. आवाज एकदम खाली आला.

"फवारणी?"

मी मान हलवली.

तिने पलीकडून दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची असेल. "दवाखाना मले माहीत आहे. मी सांगते तशी चालवा."

पुढच्या सिग्नलला तिने मला थांबवलं. "लाल आहे. पट्ट्यांच्या अलीकडं ती जाड रेघ दिसते? तिच्या मागं."

"वेळ नाही हो," मी म्हणाले. रडायलाच आले होते.

"आता कोणाला उडवलं तर दवाखान्यात कोण नेईल याले?"

मी रेघेच्या मागे थांबले. तिने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून चौकातल्या वाहतूक शिपायाला हाक मारली. तो धावत आला, आत पाहिलं आणि चौकाच्या मध्ये जाऊन दोन्ही बाजूंना हात आडवा केला. आमच्याकडे बघून पुढे चला अशी खूण केली. दिवा लालच होता. मी बाईकडे पाहिलं.

"निघा. शिपायानं हात दाखवला म्हणजे दिव्याकडं पाहायचं नाही."

दवाखान्याच्या दारात दादाला स्ट्रेचरवर घेतलं. वहिनी त्याच्यामागे धावली. ती बाई गाडीतून उतरली आणि दाराला धरून क्षणभर उभी राहिली. मग लंगडत दोन पावलं चालली.

"तुम्हाला लागलं?"

"काही नाही, पाय मुरगळला. तुम्ही आत जा."

पण तिचा हात गुडघ्यावर होता. बंपर तिथे लागला होता, हे मला तेव्हा कुठे कळलं. गाडी नीट लावून परत आले तर ती निघून गेली होती. घरी आल्यावर यजमानांना मी सगळं सांगितलं, फक्त गुडघ्याचं सांगितलं नाही. ते सांगायला मला पुढे तीन वर्षं लागली.

दादा वाचला. आठ दिवस दवाखान्यात होता. मधल्या एका दुपारी मी एसटीने त्याला भेटायला गेले आणि येताना त्या तिसऱ्या चौकात तासभर कडेला उभी राहिले. कदाचित ती बाई दिसेल असंही मनात होतं. ती दिसली नाही. पण काठी टेकत रस्ता ओलांडणारा एक म्हातारा दिसला. तो निम्म्यात पोहोचला आणि गाड्यांचा दिवा हिरवा झाला. त्याने दिव्याकडे पाहिलंच नाही. तो सगळ्यात पुढच्या गाडीवाल्याच्या तोंडाकडे पाहत होता, हा थांबेल की नाही ते ओळखायला. मग मी लक्ष देऊन पाहिलं, तर पट्ट्यांवरची बहुतेक माणसं तेच करत होती. गाडीत बसून हे कधी दिसलं नसतं.

दादाला घरी आणायच्या दिवशी यजमान सोबत होते. दवाखान्यातून निघताना ते सवयीने स्टिअरिंगकडे वळले.

"मी चालवते," मी म्हणाले.

ते पलीकडे जाऊन बसले. दादा मागे, अंगावर चादर, वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून. त्या तिसऱ्या चौकात लाल लागला. मी रेघेच्या मागे थांबले. भर उन्हात चौक रिकामा होता, पट्ट्यांवर कोणी नव्हतं. मागच्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला.

"चल ना, कोणी नाही समोर," यजमान म्हणाले.

"लाल आहे," मी म्हणाले आणि हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट धरून बसून राहिले.