दुसरा स्पर्श: पिंपळीहून कळसला

आधी तथ्ये, आणि ती क्रमाने.

एक: एका व्यावसायिक कबड्डी संघाकडे (नाव देत नाही) पुढच्या हंगामासाठी चढाईपटूची एकच जागा शिल्लक आहे. तिच्यासाठी दोघे विचाराधीन आहेत: बारामती तालुक्यातल्या पिंपळीचा ओंकार, वय बावीस, आणि इंदापूर तालुक्यातल्या कळसचा समीर, वय एकवीस. दोन: या दोघांच्या शैलींची तुलना करून लेखी मत द्यावे, असे संघाने मला कळवले. मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवले आहे, त्याच विषयात डॉक्टरेट केली आहे आणि कबड्डीविषयी मोघम लिहिलेले मला खपत नाही. तीन: सामन्यांच्या चित्रफिती पाहून माझे मत तयार झाले होते. ओंकार. समीरच्या चढाईत मला एक ढोबळ दोष दिसला होता. गडी बाद झाल्यावर तो परत फिरत नाही. त्याच गड्याला पुन्हा एकदा शिवतो. त्यात अर्धा क्षण जातो, आणि त्या अर्ध्या क्षणात त्याची पकड होते. चार: तो दुसरा स्पर्श मी पूर्वी कुठे पाहिला नव्हता, पण त्याआधीचा पहिला पाहिला होता. डावा पाय मुडपून, उजव्या चवड्याने जमिनीलगत येणारा, साप सरपटावा तसा. पाच: हा पहिला स्पर्श मी चाळीस वर्षांपूर्वी बारामतीच्या मैदानावर पाहिला. तो जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या पुण्याच्या संघाने एका गुणाने जिंकला. त्यानंतर मी बारामतीला गेले नव्हते.

सहावे तथ्यही आहे. ते मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. त्याची जागा आली की लिहीन.

म्हणून, मत धाडण्यापूर्वी दोघांना त्यांच्या मातीत पाहायचे ठरवले आणि सकाळी स्वारगेटवरून बारामतीची एसटी धरली. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच ते तीन तास. महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि त्यावरून बसमध्ये रोज तेच नाटक होत असणार. माझ्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी पत्नीचे अर्धे तिकीट घेतले आणि वाहकाला म्हणाले, "आन् माझं बी अर्दंच फाडा. हिच्यासंगं लगीन झाल्यापासनं अर्दाच उरलोय मी."

"उरलेल्या अर्द्याचं पुरं तिकीट लागतं, काका," वाहक म्हणाला. पत्नीने खिडकीबाहेर पाहत पदर तोंडाला लावला.

मोरगावपर्यंत माळ कोरडा असतो. मग एका वळणापासून हवेत ओल येते आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. कारखाने चालू असतील त्या महिन्यांत जाणार असाल तर अर्धा तास जास्तीचा धरावा. उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध चालतात आणि ट्रॅक्टरवाल्याने इतके मोठे गाणे लावलेले असते की हॉर्न त्याच्या कानी जात नाही.

बारामतीत उतरून मी आधी मैदान शोधले. तिथे आता दुचाकींच्या रांगा आहेत आणि मागे एक पांढरी इमारत. जुन्या लिंबाच्या झाडावरून जागा ओळखली. याच झाडाखाली आम्ही सातजणी बसलो होतो. निळ्या अर्ध्या चड्ड्या शिंप्याकडून शिवून घेतलेल्या, गुडघ्यांना हळद लावलेली, हातात मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी. फक्कीच्या रेषा इतक्या ताज्या होत्या की पहिल्या पकडीतच सगळ्यांच्या कोपरांना पांढरे डाग पडले. सामन्यापूर्वी आमच्या शिक्षिकांनी फक्त एक वाक्य सांगितले होते: शिवलं की हात वर. पंचाने सांगायची वाट पाहायची नाही. बाद झालेल्या खेळाडूने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचे, हा त्या काळचा मातीवरचा रिवाज होता. मी तो इतक्या काटेकोरपणे पाळत असे की पंच शंका आली की सरळ माझ्याकडे पाहत. मला त्याचा अभिमान होता.

स्थानकाजवळ मिसळ खाल्ली. तर्री उग्र, चवीला नव्हे, रंगाला. चहा मात्र उत्तम.

पिंपळी बारामतीला लागूनच आहे. रिक्षाने पंधरा मिनिटे. ओंकारच्या आजोबांना, तात्यांना, मी येणार हे ठाऊक होते. त्यांनी उसाला पाणी द्यायचे काम अर्ध्यावर सोडून, पायाचा चिखल न धुताच, मला कालव्याकडेच्या मैदानावर नेले. हंगाम संपवून घरी आलेला ओंकार गावातल्या सात गड्यांसमोर चढाया करत होता.

लिहून ठेवण्यासारखा खेळ आहे. उंची सहा फूट, आणि मध्यरेषा ओलांडतानाच त्याचा निर्णय झालेला असतो. तिसऱ्या पावलाला तो पूर्ण वेगात असतो. हात लांब, धावता धावता शिवतो आणि त्याच वळणात परत फिरतो. लहानपणापासून कालव्याच्या भरावावर पळाला आहे. तो भराव अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण. तिथे थांबून विचार करायला जागा नसते. तेच त्याच्या खेळात उतरले आहे. दोष एकच: घेतलेला निर्णय तो बदलत नाही. कोपऱ्यातला गडी वाट पाहत बसला असेल तरी हा तिथेच जातो.

"पोरगं सुसाट हाय, मॅडम," तात्या म्हणाले. "पन ब्रेक न्हाय त्याला."

"ब्रेक दाबला की धरत्यात, तात्या," ओंकार मैदानातून ओरडला.

"आन् न दाबता धरलं ते? साऱ्या गावानं टीव्हीवर बघितलं. तुजी आजी म्हनली, आता हे घरला येतंय का तितंच ऱ्हातंय!"

सातही गडी हसले. ओंकारही हसला, आणि पुढच्याच चढाईत त्याने दोन गडी टिपले. निघताना तात्यांनी विचारले, "त्यो कळसचा समीर कसा खेळतो वो?" मी म्हटले, उद्या पाहणार आहे. ते पायाचा वाळलेला चिखल खरवडत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. आमच्या हितं आलं व्हतं खेळाया. शिवलं की सोताच हात वर करतंय. आजकाल कोन करतं?"

माझ्या वहीत ओंकारपुढे मी पसंतीच्या दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रात्री लॉजवर (खोली स्वच्छ, उशी दगडासारखी) त्यांखाली काहीच लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूर रस्त्याने बसने आणि पुढे आतल्या फाट्यावरून जीपने कळसला पोचले. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली हे कधी ठरवायचे ते चालक ठरवतो. शाळेमागच्या पटांगणावर समीर खेळत होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, अंगाने सैल. ओंकारची चढाई पाहताना श्वास रोखला जातो. समीरची पाहताना आपणच अधीर होतो. तो चालत जातो. गड्यांच्या डोळ्यांकडे पाहत नाही, पावलांकडे पाहतो. कोणाचा भार कोणत्या टाचेवर आहे ते हेरतो. निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवतो. मग डावा पाय मुडपतो आणि उजवा चवडा जमिनीलगत सरपटत जातो.

चाळीस वर्षे गेली आणि तेच पाऊल माझ्या समोर आले.

आणि मग, गडी स्पष्ट बाद झालेला असताना, समीर वाकला आणि त्याच्या पोटरीवर पुन्हा थाप मारली. तेवढ्यात मागून दोघांनी त्याला धरले.

"दुसऱ्यांदा का शिवलास?" मी विचारले.

"सवय हाय, मॅडम. फुपूनं लावली. मोठ्या कोचनी लई वेळा मोडली, मोडत न्हाय."

फुपू म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. तिचे गावात बांगड्यांचे दुकान आहे. तिनेच त्याला पटांगणावर आणले आणि खेळ शिकवला. दुकानात शिरले तेव्हा ती एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होती. केस पांढरे झाले आहेत, बोटे तीच आहेत. तिने वर पाहिले, नवरीचा हात न सोडता मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले आणि पायांपाशी थांबली.

"पुन्याची नलिनी न्हवं?" ती म्हणाली. "डावा कोपरा."

रशिदा. त्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर असलेल्या इंदापूरच्या संघाची चढाईपटू. मी चाळीस वर्षांत तिचे नाव कोणापाशी उच्चारले नव्हते.

नवरी गेल्यावर तिने चहा मागवला. समीर उंबऱ्यावर बसला. मी औपचारिकपणे म्हणाले की मी मत द्यायला आले आहे आणि समीरचा दुसरा स्पर्श हा त्याच्या शैलीतला मोठा दोष आहे. तुम्ही तो का शिकवलात?

"शिवलं की समोरच्याला कळतंच," रशिदा म्हणाली. "पन तेवढ्यानं भागत न्हाय. पंचाला दिसलं पायजे. म्हनून एकदा सोतासाठी शिवायचं, एकदा पंचासाठी."

"हे तुम्हांला कोणी शिकवलं?"

"बारामतीच्या मैदानानं." तिने कपाटातून बांगड्यांचा एक मुठा काढला. "आदी मी बी एकदाच शिवत व्हते. मग आनिक चार वर्सं खेळले, दरवेळी दोनदा. लई वेळा धरली गेले त्यापायी. हे पोरगं माझं बघून शिकलं. हात आन."

मी हात पुढे केला. तिने मनगट नुसते पाहिले आणि माप सांगितले, "दोन-सहा." मग माझी बोटे मुठीत धरून ती दाबू लागली. "सैल सोड, बाई. आजबी तुजा हात आखडलेला हाय."

सहाव्या तथ्याची जागा ही. शेवटची चढाई रशिदाची होती. तिचा चवडा माझ्या टाचेला लागला. नखभर नव्हे, पुरता लागला. त्याचा थंडपणा मला जाणवला, कारण तिचे पाय अनवाणी होते आणि माती ओली होती. ती मध्यरेषेपलीकडे परत गेली आणि तिने माझ्याकडे पाहिले. पंचांना दिसले नव्हते. त्यांनीही माझ्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते मी कधीच खोटे बोलत नसे म्हणून. मी हात वर केला नाही. शिटी वाजली. आम्ही एका गुणाने जिंकलो. मी हात वर केला असता तर बरोबरी झाली असती; त्यापुढे काय झाले असते ते कोणीच सांगू शकत नाही, आणि मी सांगण्याचा आव आणणार नाही.

"रशिदा," मी म्हणाले, "त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली आणि शेवटची बांगडी सरकवली. "झाल्या. मोडू नगंस." पैसे घेतले नाहीत. समीरने विचारले, तुम्ही एकमेकींना ओळखता का? रशिदा म्हणाली, "व्हय. लई भारी खेळायची. कदी चुकत न्हवती."

तिथे मला उत्तर द्यायला हवे होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि जीप सुटेल म्हणून उठले.

परतीला भिगवणला थांबावे. जलाशयाच्या काठाचे ताजे मासे हीच खरी मेजवानी आहे, असे सगळे सांगतात. मी ताट मागवले आणि अर्धे टाकले. दोष स्वयंपाकाचा नव्हता. सोलापूर महामार्गाने पुणे तीन तासांत आले.

घरी येऊन आठ दिवस झाले. बांगड्या हातात आहेत. लिहिताना टेबलावर वाजतात. संघाला मी काल लिहिले ते असे: आजच्या घडीला ओंकार अर्ध्या क्षणाने सरस आहे. तो अर्धा क्षण समीरच्या कौशल्यात कमी नाही. तो त्याच्याकडून घेतला गेला आहे, त्याच्या जन्माआधी, आणि घेणारी मी आहे. त्याला कोणीतरी सांगायला हवे की आता चारी बाजूंनी कॅमेरे आहेत आणि एकदा शिवले तरी पुरते. हे सांगितल्यावर त्याचा खेळ कसा होईल ते एका हंगामाशिवाय कळणार नाही. म्हणून माझी पहिली शिफारस मी मागे घेते, आणि या प्रकरणात मी पंच राहण्यास अपात्र आहे हे नोंदवते. निर्णय त्यांचा.

पण समीरला ते सांगण्याचा अधिकार संघाचा नाही, माझाही नाही. तो तुझा आहे, रशिदा, म्हणून हे शेवटचे तुला. याची छापील प्रत आज दुकानाच्या पत्त्यावर टपालाने टाकते आहे. आधी तू एकटी वाच. तू मला शिवलीस. मी बाद होते. चाळीस वर्षे उशिरा, सगळ्यांसमोर, मी हात वर करते आहे. हे तुला मान्य आहे की नाही, आणि त्या पोराला तू आता एकदाच शिवायला सांगशील की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे दे. फोन करू नकोस. फोनवर तू पुन्हा 'ऱ्हाऊ दे गं' म्हणशील. मला उत्तर लेखी हवे, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनिशी.