शांताक्कांची डिस्क

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही धड कळत नाही — पण सांगते.

बंगळुरूच्या आमच्या मराठी मंडळानं वाचनालयात सिनेमे-नाटकांचा संग्रह करायचं ठरवलं. लोकांनी घरातल्या डिस्क आणून दिल्या. इथल्या मराठी मुलांनी बघायलाच हवं, तेवढं निवडून हार्ड डिस्कवर उतरवायचं. निवडायचं कुणी? मी! पुण्याची म्हटल्यावर मराठीचा मक्ता माझ्याकडेच — असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

शांताक्का आमच्या शेजारच्या इमारतीतल्या. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच. त्यांच्या डिस्कवर मंडळाच्या गणपतीतलं एक जुनं विनोदी नाटक होतं, आणि त्यात त्यांचे यजमान. ते आता नाहीत. "एवढी एकच राहिली बघ," डिस्क देताना त्या म्हणाल्या होत्या. "घरचा प्लेअर बिघडलाय. तुमच्याकडं लागली की मला पण बघायला मिळेल."

मी ती पाहिली. अगदी शेवटपर्यंत. अर्धं मराठी, अर्धं कानडी. यजमान मध्येच वाक्य विसरतात, विंगेतून शांताक्का सांगतात, आणि ते त्यांच्याकडे बघून स्टेजवरच हसत सुटतात — मीही घरात एकटी पोट धरून हसले. फार आवडलं मला. मग?

मग समितीतली पुण्या-मुंबईची माणसं डोळ्यांपुढे आली. असलं मराठी निवडलं म्हणून मला हसतील — बस्स, एवढीच भीती. आणि निवडलं नाही असं अक्कांना तोंडावर सांगायचंही धाडस नव्हतं. मी डिस्क परत नेऊन दिली. म्हटलं, "अक्का, ही चालतच नाही हो."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. पदरानं पुसली. "सरी, असू दे. स्वल्प जुनी झालीच होती की," म्हणाल्या, आणि वर मलाच कॉफी पाजली. माझा वेळ फुकट गेला म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं.

उन्हाळा संपता संपता पुन्हा त्यांच्याकडे गेले, तर ती डिस्क बाल्कनीत दोरीला टांगलेली. कबुतरं येऊ नयेत म्हणून. उन्हानं तिचा चकचकीत थर पोपडे धरून उडाला होता. "फेकवेना ग. कशाला तरी कामाला आली," अक्का म्हणाल्या.

तेव्हा तरी बोलायचं ना? तोंड उघडलं होतं मी, खरंच. पण म्हटलं काय — तर कबुतरांचा आमच्याकडेही फार त्रास आहे.

अजूनही अक्का भेटतात, थांबून चौकशी करतात. त्यांना वाटतं, डिस्क आपोआपच खराब झाली. तशी नव्हती ती. त्यांच्या यजमानांचं हसणं तिच्यात स्वच्छ ऐकू येत होतं. ते शेवटचं ऐकलं मी. त्यांनी नाही.